ओरछ्यात दोन रात्री: गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन केलेला मुक्काम

माझी आई शहात्तर वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात आणि ऑपरेशनला ती तयार नाही. अशा माणसाला घेऊन ओरछ्याला जावं का, राहावं कुठे, काय बघता येतं आणि काय सोडून द्यावं लागतं, हे निघण्याआधी मला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. शोधलं तर जिकडेतिकडे महालांच्या गच्चीवरून काढलेले फोटो. त्या गच्चीपर्यंत जाणारी पायरी केवढी उंच, जिन्याला धरायला काही आहे का, वर जाता आलं नाही तर खाली बसायला जागा आहे का, हे कुणी लिहीत नाही. म्हणून मी लिहिते आहे. आम्ही दोघी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो होतो. एका घरगुती मुक्कामात दोन रात्री राहिलो आणि एक दिवस गाईड घेतला. मुख्यतः या दोन गोष्टींबद्दल सांगायचं आहे, पण गावाबद्दल सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

आधी आम्ही तिथे का गेलो ते. आई लग्न होऊन पंचवटीत आली, तेव्हापासून काळारामाच्या दर्शनाला जाते. आता रोज जमत नाही, तरी एकादशी चुकवत नाही. तिच्या भजनी मंडळातल्या एका बाईंनी तिला सांगितलं, की मध्य प्रदेशात बेतवा नदीच्या काठी एक गाव आहे, तिथे राम देव म्हणून नाही तर राजा म्हणून राहतो, आणि पोलीस त्याला बंदुकीनं सलामी देतात. त्या दिवसापासून आईनं धोशा लावला. तिला पुष्य नक्षत्र साधून जायचं होतं, कारण तिथला राम पुष्य नक्षत्रावरच प्रवास करत आला अशी कथा आहे. मी ऐकलं नाही. पुष्याच्या दिवशी तिथे आसपासच्या गावांतून लोक लोटतात, आणि त्या गर्दीत आईला उभं करणं मला जमलं नसतं. तुमच्याबरोबर वयस्कर माणूस असेल, तर तिकीट काढण्याआधी पंचांगात पुष्य नक्षत्र कधी आहे ते बघा आणि तो दिवस टाळा. मार्गशीर्षातली विवाहपंचमीही टाळा, तेव्हा तर रामाच्या लग्नाची वरात निघते.

नाशिकरोडला रात्री पंजाब मेलमध्ये बसलो, दुसऱ्या दिवशी दुपारी झाशीला उतरलो. झाशीहून ओरछा सोळा-सतरा किलोमीटर. स्टेशनबाहेर ज्या टॅक्सीवाल्याशी आधी भाडं ठरवलं, त्यानं अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवली आणि सामानाचे वेगळे पैसे मागितले. आमच्याकडे एक बॅग आणि एक पिशवी होती. आईसमोर वाद नको म्हणून मी दिले, पण ती गोष्ट मनाला लागली. येताना मुक्कामाच्या घरच्यांनी ओळखीची रिक्षा ठरवून दिली, ती जवळजवळ निम्म्या पैशांत झाली. तुम्ही जाल तेव्हा राहण्याच्या ठिकाणाहूनच गाडी मागवा.

आता मुक्काम. गावाच्या मुख्य चौकापासून थोडं आत, वस्तीतलं साधं घर. पुढच्या अंगणाला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. बाहेरच्या भिंती शेणामातीनं सारवलेल्या, त्यावर पांढऱ्या रंगाची नक्षी. आत मात्र फरशी, कमोड, गिझर नाही पण गरम पाण्याची बादली मागाल तेव्हा. मी फोनवर आधी तीनच प्रश्न विचारले होते: पायऱ्या किती, कमोड आहे का, आणि संडास खोलीला लागून आहे का. घरच्या बाईंनी, ज्यांना आम्ही दोन दिवस भाभी म्हणत होतो, प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. “दोन पायऱ्या आहेत, एक जरा उंच आहे, मी तिथे वीट ठेवते.” आम्ही पोचलो तेव्हा वीट ठेवलेली होती, आणि ती हलू नये म्हणून खाली गोणपाट घातलं होतं. मी पतसंस्थेत नोकरी करते, दिवसभर लोकांचं सांगणं आणि कागद जुळतो का ते बघते. फोनवर सांगितलेलं तिथे जाऊन तंतोतंत तसंच निघावं, याचं मोल मला फार वाटतं.

रात्रीचे पंधराशे रुपये, त्यात सकाळचा नाश्ता. फेब्रुवारीत तिकडे रात्री चांगलीच थंडी असते. रजया जाड होत्या, धुतलेल्या होत्या. पलंग उंच होता, आईला उठताना त्रास झाला नाही. उणं सांगायचं तर न्हाणीघराच्या दाराची कडी नीट बसत नव्हती आणि पहिल्या रात्री तासभर वीज गेली. मोबाइलचा उजेड धरून आईला आत नेलं. इनव्हर्टर नाही. खोलीत हाताशी धरायचा दांडा नाही, तो बसवला तर वयस्कर पाहुण्यांची मोठी सोय होईल, हे मी भाभींना सांगितलं आणि त्यांनी ते मनावर घेतलेलं दिसलं. डास आहेत, अगरबत्ती घेऊन जा.

पहिल्याच संध्याकाळी रामराजा मंदिरात गेलो. हिवाळ्यात ते संध्याकाळी सातच्या सुमाराला उघडतं, दुपारी बंद असतं. उन्हाळ्यात वेळ बदलते, म्हणून आधी विचारून जा. मंदिर बाहेरून मंदिरासारखं दिसतच नाही, मोठा वाडा वाटतो. कारण तो राणीचाच महाल. मधुकरशाह हे सोळाव्या शतकातले ओरछ्याचे बुंदेला राजे, कृष्णभक्त. त्यांची राणी गणेशकुंवरी रामभक्त. ती अयोध्येला गेली, शरयूच्या काठी तप केलं, रामाची मूर्ती मिळाली. मूर्ती यायला तयार झाली ती अटींवर: पुष्य नक्षत्रावरच चालायचं, जिथे एकदा बसवाल तिथून उठणार नाही, आणि मी असेन तिथे दुसरा राजा नसेल. रामासाठी शेजारी चतुर्भुज मंदिर बांधायचं काम चाललं होतं. ते पुरं होईपर्यंत मूर्ती राणीच्या महालात ठेवली, आणि मग ती तिथून हललीच नाही. त्यामुळे आकाशाला टेकणारं चतुर्भुज मंदिर रामावाचून राहिलं आणि राणीच्या घराचं मंदिर झालं. तिथे लोक ही कथा काल घडल्यासारखी सांगतात. पेढेवाल्यानं सांगितली, चपला सांभाळणाऱ्या मुलानं सांगितली.

चामड्याची वस्तू आत नेता येत नाही, फोटोही काढता येत नाही. मला वाटतं हे चांगलंच आहे. सगळ्यांचे हात रिकामे, सगळे समोर बघतायत. मंदिराचं अंगण सपाट आहे, फरशी आहे, पण संध्याकाळी पायाला गार लागते. आईला मोजे घालू दिले. रांगेत बायकांची बाजू वेगळी होती. आईला उभं राहवत नव्हतं, तर एका पोलीस शिपायानं न सांगता तिला कठड्याजवळ बसवलं आणि दार उघडल्यावर हाताला धरून पुढे आणलं.

दार उघडलं, सलामी झाली. खांद्याला बंदूक लावलेला मध्य प्रदेश पोलिसांचा जवान ताठ उभा राहतो आणि राजाला मानवंदना देतो. ओरछ्यात ही मानवंदना फक्त रामाला. कुणी कितीही मोठा मंत्री आला तरी गावाच्या हद्दीत त्याला नाही, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. राम पद्मासनात बसलेले आहेत. आमचा काळाराम उभा आहे. पंचवटीतला राम म्हणजे पर्णकुटीतला, सीतेच्या हरणाआधीचा आणि नंतरचा, पुढे चालायची तयारी असलेला. आई त्याच्याकडे अर्धशतक बघत आली. इथे तिनं त्याला गादीवर बसलेलं बघितलं. रामाच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं दर्शन मिळालं तर इच्छा पुरी होते असं तिथे मानतात, आणि बायका त्यासाठी माना वाकड्या करून बघत होत्या. आईनं अंगठ्याकडे बघितलं की नाही कुणास ठाऊक. ती म्हणाली, “चला, हा घरी पोचला.” एवढंच. मग पदरानं डोळे पुसले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

आरतीनंतर प्रसाद म्हणून विडा आणि अत्तराचा बोळा मिळतो. राजाच्या दरबारात येणाऱ्याचा मान तसाच करायचा ना. गर्दीत तो सगळ्यांना मिळेलच असं नाही, आम्हाला मिळाला. आईनं विडा खाल्ला नाही, पिशवीत ठेवला. मंदिरापाशी एक ओळ तिथल्या प्रत्येकाच्या तोंडी आहे: “राम के दो निवास खास, दिवस ओरछा रहत, शयन अयोध्या वास.” दिवसभर राम ओरछ्यात राज्य करतो आणि झोपायला अयोध्येला जातो. आम्ही गेलो तेव्हा मंदिराच्या आसपास दगडमातीचं बरंच बांधकाम चालू होतं. पाय टाकताना खाली बघा, विशेषतः अंधार पडल्यावर.

दुसऱ्या दिवशी किल्ला. गाईड भाभींनीच सुचवला. साठीच्या पुढचे गृहस्थ, गावचेच, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत होते. अर्ध्या दिवसाचे आठशे रुपये आधी ठरले आणि शेवटी तेवढेच घेतले. अर्धा तास उशिरा आले, हे एक. पण आल्याबरोबर त्यांनी आईला विचारलं, “अम्मा, किती वेळ बसू शकता, किती वेळ चालू शकता?” आणि त्याप्रमाणे सगळा दिवस मांडला. इतिहास पाठ असलेले गाईड पुष्कळ असतात. समोरच्या माणसाचे पाय बघून रस्ता ठरवणारा मी पहिल्यांदा बघितला.

किल्ल्यात जायला ओढ्यावरचा जुना कमानींचा दगडी पूल ओलांडावा लागतो. तो सपाट आहे, हळू चाललं तर सोपा. पुढे तिकीट घ्या आणि जपून ठेवा, गावातल्या बाकीच्या वास्तूंनाही तेच चालतं. आत आधी राजमहाल. बाहेरून अगदी साधा, नक्षी नाही, काही नाही. आत काही खोल्यांच्या भिंती आणि छतं चित्रांनी भरलेली आहेत: विष्णूचे अवतार, रामायणातले प्रसंग, कृष्ण. उंबरे उंच आहेत. आईला एकच चित्रांची खोली बघता आली, पण त्या खोलीत ती मान वर करून इतका वेळ उभी राहिली की मीच तिला बसवलं. मास्टरजींनी राणीच्या दालनाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, की रामाची मूर्ती चतुर्भुज मंदिरात बसली असती तर राणीला इथून तिचं थेट दर्शन झालं असतं, त्या बेतानं बांधलं आहे. मी वर जाऊन बघितलं. खिडकीतून मंदिर समोरच दिसतं. ज्या रामासाठी ही खिडकी ठेवली तो राम खाली तिच्याच जुन्या घरात राहिला, हे तिथे उभं राहिल्यावर फार जाणवतं.

एक गोष्ट सांगताना मला राग येतो. त्या चित्रांवर लोकांनी खिळ्यानं नावं कोरली आहेत. चारशे वर्षं टिकलेला रंग, त्यावर बाण आणि बदाम. दोन नावं स्पष्ट मराठी होती, आडनावासकट. मुलांना घेऊन जाल तर आत जाण्याआधी सांगा.

मग जहांगीर महाल, आणि इथे आमची ताटातूट झाली. हा महाल बीरसिंहदेवांनी बांधला. अकबराच्या हयातीत शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून १६०२ मध्ये अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलला मारणारे ते हेच, आणि सलीम जहांगीर होऊन तख्तावर बसल्यावर ओरछ्याचं राज्य त्यांच्याकडे आलं. मधोमध चौरस चौक, चहूबाजूंनी मजल्यावर मजले, वर घुमट, बाहेर लोंबते सज्जे, आणि कुठे कुठे अजून चिकटून राहिलेल्या निळ्या-फिरोजी फरशा. पूर्वेकडच्या दरवाजावर दोन बाजूंना दगडी हत्ती आहेत. त्या बाजूनं बेतवा आणि जंगल दिसतं. वर जायचे जिने मात्र अरुंद आहेत, अंधारे आहेत आणि एकेक पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी. धरायला काही नाही. गच्चीच्या कडेला काही ठिकाणी कठडा कमरेपेक्षा खाली आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वर जाऊ नये, आणि ज्यांना चक्कर येते त्यांनीही. लहान मुलांचा हात सोडू नका.

मास्टरजींनी पहारेकऱ्याकडून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली आणि आईला चौकात सावलीला बसवलं. मी वर गेले. तासाभरानं खाली आले, तर आई एकटी नव्हती. झाडू मारणाऱ्या एक बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या आणि दोघींचं जोरात चाललं होतं. आईचं हिंदी नाशिकचं, त्या बाईंची बोली बुंदेली. बुंदेलीत ‘हो’ला ‘हओ’ म्हणतात. आई ‘हो हो’ म्हणत होती, त्या ‘हओ हओ’ म्हणत होत्या. मी आल्याबरोबर आईनं मला लाला हरदौलांची गोष्ट सांगितली, जी मला मास्टरजींनी अजून सांगितली नव्हती.

हरदौल हे बीरसिंहांचे धाकटे पुत्र. थोरले भाऊ जुझारसिंह गादीवर आले, आणि त्यांच्या मनात आपली राणी आणि हा दीर यांच्याबद्दल संशय भरवला गेला. त्यांनी राणीला सांगितलं, तू निष्पाप असशील तर दिराला तुझ्या हातानं विष दे. वहिनी रडत राहिली. हरदौलांना कळलं, तरी त्यांनी वहिनीची अब्रू राखण्यासाठी ते ताट जेवलं. पुढे बहीण कुंजावतीच्या मुलीचं लग्न निघालं. बहिणीनं हरदौलांच्या समाधीपाशी जाऊन आमंत्रण दिलं, आणि मामाचा आहेर मांडवात पोचला, असं सांगतात. तेव्हापासून बुंदेलखंडात लग्नाचं पहिलं आमंत्रण हरदौलांना. “आपल्याकडे कुलदैवताला आणि गणपतीला, तसं इथे मेलेल्या मामाला,” आई म्हणाली. त्या बाईंच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं आणि त्यांनी आधीच अक्षता ठेवून आल्याचं सांगितलं होतं.

आईनं लगेच ठरवलं की हरदौलांच्या बैठकीला जायचं. ती फुलबागेत आहे, गावातच, सपाट जागा, रिक्षा जवळ जाते. मास्टरजींच्या यादीत ती दुपारनंतर होती, त्यांनी कुरकूर न करता क्रम बदलला. तिथे लाल दोऱ्यांचे, बांगड्यांचे ढीग आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. शेजारी दोन उंच मनोरे आहेत, सावन-भादों. ते वारा पकडून खालच्या तळघरात गारवा नेण्यासाठी बांधलेले आहेत. मला त्यात पुष्कळ रस होता, आईला अजिबात नव्हता.

चतुर्भुज मंदिराच्या पायऱ्या उंच आणि पुष्कळ आहेत. ते आईनं रस्त्यावरून बघितलं, मी आत जाऊन आले. त्यापेक्षा लक्ष्मीनारायण मंदिराला वेळ द्या. गावाबाहेर टेकाडावर आहे, ई-रिक्षा बऱ्यापैकी जवळ जाते, शेवटचा चढ लहान आहे. १६२२ मध्ये बीरसिंहदेवांनी बांधलं. अर्धं किल्ल्यासारखं, अर्धं मंदिरासारखं. गाभाऱ्यात आता मूर्ती नाही. आत भिंतीवर चित्रं आहेत, आणि त्यात एकोणिसाव्या शतकातली बरीच, त्यांतच झाशीच्या किल्ल्याची लढाई, तोफा आणि गोरे शिपाई. राणी लक्ष्मीबाईंसाठी आम्ही झाशीला जाणारच होतो, पण त्यांची लढाई या शांत टेकाडावर, मूर्ती नसलेल्या देवळाच्या भिंतीवर भेटेल असं वाटलं नव्हतं. उन्हं कलताना जा, चित्रांवर उजेड चांगला पडतो. फार उशीर करू नका, बंद करतात.

जेवण भाभींकडेच केलं, दोन्ही रात्री. पहिल्या रात्री साधी डाळ, पोळी, बटाटा. दुसऱ्या रात्री मी विचारलं की तुमच्याकडचं खास काय, तेव्हा त्यांनी गक्कड-भर्ता केला. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, आणि त्याबरोबर विस्तवात भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चा लसूण, हिरवी मिरची, मोहरीचं तेल. विदर्भातल्या रोडग्यांची आठवण होते. भरीत आपल्या खानदेशी भरतासारखंच, पण मोहरीच्या तेलानं नाकात झिणझिण्या येतात. आईला तेल चालेना, तर भाभींनी तिचं वेगळं, बिनतेलाचं करून दिलं. माणशी दीडशे रुपये. गावातल्या बाजारात कलाकंद मिळतो, तो एका दुकानात अप्रतिम होता आणि दुसऱ्यात आंबटसर. चव घेऊन मगच घ्या. चौकातल्या एका हॉटेलात दुपारी जेवलो ते मात्र सगळीकडे मिळतं तसंच लाल रश्श्याचं पनीर, आणि वाढायला पाऊण तास. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, निघण्याआधी, बेतवेच्या काठच्या छत्र्या, म्हणजे राजांची स्मारकं. वयस्कर माणसांसाठी ओरछ्यातली सगळ्यात चांगली जागा हीच, आणि मी ती शेवटच्या सकाळवर ठेवली ही चूक झाली. राजांच्या चौदा छत्र्या, कंचन घाटाजवळ, भोवती राखलेली बाग, वाट सपाट, बसायला जागा. सूर्य उगवायच्या सुमारास पाण्यावर धुकं होतं आणि छत्र्यांच्या कोनाड्यांत गिधाडं पंख पसरून उन्हाची वाट बघत बसली होती. लांब चोचीची, मोठी. आपल्याकडून गिधाडं जवळजवळ गेली. आईनं त्यांच्याकडे बघून सांगितलं, की तिच्या लहानपणी गावात गुरं मेली की आभाळ भरून येत असे. इथे ती राजांच्या डोक्यावर घरटी करून राहतात आणि कुणी हाकलत नाही. नदीवरचा जुना पूल अरुंद आहे, कठडे नाहीत, पावसाळ्यात पाण्याखाली जातो. त्यावर वयस्कर माणसाला नेऊ नका, घाटावरूनच छान दिसतं. नदीत राफ्टिंगही चालतं म्हणे, आमचा त्याच्याशी संबंध आला नाही.

परतताना झाशीत चार तास होते. किल्ल्यावर चढ आहे, म्हणून आई दरवाजाजवळच बसली. हा किल्लाही मूळ ओरछ्याच्या बीरसिंहदेवांचा, १६१३ चा. पुढे तो मराठ्यांकडे आला आणि १७४२ मध्ये सुभेदार म्हणून आलेल्या नारोशंकरांनी तो वाढवला, त्या भागाला शंकरगढ म्हणतात. नारोशंकर हे नाव ऐकल्यावर आई खुर्चीत ताठ बसली. गोदेच्या काठी रामकुंडाजवळ नारोशंकराचं देऊळ आहे, वसईच्या विजयात मिळालेली त्याची घंटा नाशकात कुणाला माहीत नाही? तिनं तिथल्या पहारेकऱ्याला ती घंटा केवढी आहे ते हातानं दाखवलं.

खर्चाचं सांगते, कारण मला स्वतःला ते शोधूनही मिळालं नव्हतं. दोन रात्रींचा मुक्काम तीन हजार, रात्रीची जेवणं सहाशे, गाईड आठशे, गावात दोन दिवस ई-रिक्षा मिळून पाचशेच्या आत. रेल्वे आणि टॅक्सी वेगळी. एवढ्या पैशांत मला काय मिळालं, तर आईला एकदाही “तू इथेच थांब” असं चिडून म्हणावं लागलं नाही. ती जिथे थांबली तिथे तिला खुर्ची आणि बोलायला माणूस होतं.

झाशीहून सकाळी येऊन संध्याकाळची गाडी पकडणारे पुष्कळ लोक दिसले. त्यांना किल्ला दिसतो. रामराजाची संध्याकाळ आणि छत्र्यांची सकाळ त्यांना दिसत नाही, कारण दोन्हीसाठी रात्र काढावी लागते. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मी तीन रात्री म्हणेन: एक दिवस किल्ला, एक दिवस फक्त आराम आणि फुलबाग, आणि रोज सकाळी नदी. ऑक्टोबर ते मार्च जा; एप्रिलनंतर तिथला दगड तापतो. गुडघ्याचा पट्टा, घडीचं स्टूल आणि जाड मोजे बरोबर घ्या. भाभींच्या घरी पुढच्या वेळी धरायचा दांडा बसलेला असला, तर मी कुणालाही डोळे मिटून तिथे पाठवीन. नसला तरी पाठवीन, फक्त आधी सांगून.

आईचा तो विडा घरी येईपर्यंत सुकला होता. दुसऱ्या दिवशी ती रिक्षानं काळारामाला गेली आणि तो पायरीवर ठेवून आली.